भावाचं वजन १३८ किलो, मेंदूतली गाठ काढायचीय, भुलेची खूप भीती वाटतेय. कुणाला अनुभव / माहिती?

धाकटा_सांगलीकर

नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच लिहितोय, मोठं झालंय तरी प्लीज पूर्ण वाचा.

माझा मोठा भाऊ, वय ४३, उंची ५ फूट ६ इंच, वजन १३८ किलो. दीडेक महिना सकाळी उठलं की डोकं दुखायचं, चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून आम्ही सगळ्यांनीच ते मनावर घेतलं नाही. मग एका रविवारी जेवायला बसलो होतो आणि त्याचा डावा हात आपोआप झटके द्यायला लागला, आमटीची वाटी उलटली, त्याला कळत होतं पण हात थांबवता येईना. एमआरआय सांगितला, तोही सुखासुखी झाला नाही, पहिल्या सेंटरवर मशीनच्या बोगद्यात खांदेच शिरेनात, मग मोठ्या बोगद्याचं मशीन शोधून दुसरीकडे नेलं. रिपोर्टमध्ये उजव्या बाजूला मेनिन्जिओमा, म्हणजे मेंदूच्या आवरणाची गाठ, साडेचार सेंमी, भोवती सूज.

सर्जन म्हणाले गाठ बहुतेक साधी आहे, काढता येईल, पण वजन बघता मला ऑपरेशनपेक्षा भुलेची काळजी जास्त आहे. हे वाक्य ऐकल्यापासून आईला झोप नाही. आमच्या गल्लीत जो तो सांगतोय की जाड माणसाला भूल दुप्पट द्यावी लागते आणि मग तो लवकर उठत नाही, कधी कधी उठतच नाही. हे खरं आहे का? आधी वजन उतरवून मग ऑपरेशन केलं तर चालेल का? आणि पुढच्या आठवड्यात भूलतज्ज्ञांकडे फिटनेससाठी पाठवलंय तिथे आम्ही काय विचारायचं, काय सांगायचं?

बीपीची गोळी चालू आहे. शुगर बॉर्डरवर होती, पण सूज उतरायला स्टेरॉइड चालू केल्यापासून २८० पर्यंत जातेय.

निशिगंध_भूलतज्ज्ञ

दादा, मी भूलतज्ज्ञ आहे, न्यूरोच्याच केसेस जास्त करते, बारा-तेरा वर्षं झाली. तुमच्या भावाला मी बघितलेलं नाही त्यामुळे त्याच्या बाबतीत शेवटचा शब्द तिथल्या डॉक्टरांचा, पण तुम्ही विचारलंय ते नीट समजलं तर आईलाही समजावता येईल म्हणून सविस्तर लिहिते.

१६८ सेंमी उंची आणि १३८ किलो म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४९ च्या आसपास. ४० च्या वर गेलं की आम्ही मॉर्बिड ओबेसिटी, म्हणजे अतिलठ्ठपणा धरतो.

दुप्पट भुलेचं आधी. तसं नसतं. प्रत्येक औषधाचं वजनाशी नातं वेगळं असतं. स्नायू सैल करायला रोक्युरोनियम देतो ते उंचीवरून काढलेल्या आदर्श वजनावर, पुरुषाला ढोबळमानाने सेंमीतली उंची वजा १००, म्हणजे तुमच्या भावाचा हिशोब ६८ किलोवर. झोपवायला प्रोपोफॉल देतो ते चरबी वगळून उरणाऱ्या वजनावर. सक्सिनिलकोलिन, तेही स्नायू सैल करायचंच, मात्र काट्यावरच्या वजनावर. हा हिशोब आम्ही आदल्या दिवशी कागदावर मांडून ठेवतो, १३८ ने सरसकट गुणत नाही. गुणलं तर गल्लीतले म्हणतात तसं उशिरा उठणं खरंच होऊ शकतं, म्हणून ती भीती अगदीच बिनबुडाची नाही, पण त्यावर उपाय ठरलेला आहे.

खरी कसोटी श्वासाची असते. वजनदार माणूस उताणा झोपला की पोटाचा भार छातीच्या पडद्याला वर रेटतो, आणि श्वास सोडल्यावर फुफ्फुसात जी हवा शिल्लक राहते ती फार कमी होते. भूल दिल्यावर पेशंटचा श्वास थांबतो आणि आम्ही श्वासनलिकेत नळी घालतो, त्या मधल्या वेळेची शिदोरी म्हणजे ही शिल्लक हवा. सडपातळ निरोगी माणसाला आधी पोटभर ऑक्सिजन दिलेला असेल तर ऑक्सिजन ९० टक्क्यांवर उतरायला सात-आठ मिनिटं लागतात, एवढ्या वजनाच्या माणसाला तीन मिनिटंसुद्धा मिळत नाहीत. त्यात मान आखूड, जीभ मोठी, मास्कने हवा देणंही जड जातं. म्हणून आम्ही पाठ आणि डोकं उंच करून, घट्ट मास्कने ऑक्सिजन देऊन, नळी घालताना नाकातूनही ऑक्सिजन चालू ठेवून, व्हिडिओ लॅरिंगोस्कोप (घसा पडद्यावर दाखवणारा कॅमेरा) हातात घेऊनच सुरुवात करतो. आणि पहिला बेत फसला तर दुसरा काय, तिसरा काय हे सगळ्या टीमसमोर आधी मोठ्याने बोलून ठेवतो.

हे झालं कुठल्याही जाड पेशंटचं. मेंदूच्या ऑपरेशनमध्ये अडचण अशी की मेंदूला आणि फुफ्फुसाला एकाच वेळी सांभाळावं लागतं. रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदूच्या रक्तवाहिन्या फुगतात, रक्तातला त्याचा दाब १ मिलिमीटरने वाढला की मेंदूचा रक्तपुरवठा साधारण २ ते ४ टक्क्यांनी वाढतो. कवटी ताणत नाही, आत आधीच गाठ आणि सूज, म्हणजे दाब वाढणार, सर्जनला मेंदू वर उसळलेला दिसणार. आणि लठ्ठ माणसाच्या शरीराची ओढ नेमकी कार्बन डायऑक्साइड साठवण्याकडे. मशीनच्या पडद्यावर दिसणारा आकडा आणि रक्तातला खरा आकडा यांच्यातही फरक जास्त पडतो म्हणून मनगटातल्या धमनीतून रक्त काढून ताडून बघायला लागतं. ती धमनीतली लाइन आणखी एका कारणासाठी हवी. जाड, निमुळत्या दंडावर बीपीचा पट्टा नीट बसत नाही, पट्टा लहान पडला तर बीपी आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो आणि आपण निवांत बसतो. डोकं उंच ठेवलेलं असतं म्हणून आम्ही ते मोजमाप कानाच्या पातळीला धरतो, कारण हृदयापासून १३-१४ सेंमी वर गेलं की मेंदूपाशी बीपी साधारण १० ने कमी भरतं.

आता वजन उतरवून मग ऑपरेशन करायचं का. साडेचार सेंमीची गाठ, सूज, झटके येऊन गेलेले, एवढं असताना ३०-४० किलो उतरायची वाट बघत बसणं मला पटत नाही, पण किती थांबता येईल हे सर्जन सांगतील. हातात दोन-तीन आठवडे असतील तर त्यात वजनाच्या मागे लागण्यापेक्षा शुगर आटोक्यात आणणं आणि झोपेतला श्वास सुधारणं याचा फायदा कितीतरी जास्त. उपाशी राहून क्रॅश डाएट अजिबात नको.

एक विचारते, भाऊ घोरतो का? झोपेत श्वास अडकतो का? हे वहिनींना विचारा, त्याला नको, त्याला स्वतःला माहीत नसतं.

ओटीतला_विजय

मॅडमनी छान लिहिलंय. मी ओटी (ऑपरेशन थिएटर) टेक्निशियन आहे, १९ वर्षं. आमच्या बाजूचं थोडं सांगतो कारण नातेवाईकांना हे कोणी सांगत नाही.

ओटी टेबलला वजनाची मर्यादा असते, खाली पाटीवर लिहिलेलं असतं. पण ती मर्यादा टेबल सपाट असतानाची असते, डोक्याकडून वर, कुशीकडे तिरकं केलं की कमी होते हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. मी आधी एका ठिकाणी होतो तिथे १४० च्या आसपासच्या पेशंटला झोपवल्यावर टेबल अर्ध्यात तिरकं होऊन मोटर थांबली, पेशंट भुलेखाली, डोकं क्लॅम्पमध्ये, आणि आम्ही सहा जण खालून खांदा लावून उभे. पेशंटला काही झालं नाही पण तो दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. तेव्हापासून माझा नियम, आदल्या संध्याकाळी पेशंट जागा असताना त्याला ओटीत आणायचं, स्वतःच्या पायांनी टेबलावर चढू द्यायचं, पट्टे बांधायचे आणि टेबल सगळीकडे फिरवून बघायचं. त्यालाच विचारायचं, कुठे टोचतंय, कुठे हात बधिर होतोय. भूल दिल्यावर तो सांगू शकणार नाही ना.

आणि उशीचं. एक उशी मानेखाली घातली की झालं असं नाही. खांद्यापासून डोक्यापर्यंत चादरींच्या घड्या रचून उतार करायचा, आम्ही त्याला रॅम्प म्हणतो, आणि बाजूला उभं राहून बघायचं की कानाचं भोक आणि छातीच्या वरच्या हाडाची खाच एका आडव्या रेषेत आली का. आली की थांबायचं. मला १३० किलोच्या पेशंटला एकदा ११ चादरी लागल्या होत्या. ती रेष जुळली की नळी घालणाऱ्याचं अर्धं काम झालं समजा.

मेंदूचं ऑपरेशन पाच-सहा तास चालतं, तेवढा वेळ एवढं वजन एकाच जागी दाबून राहतं, कोपरं, टाचा, ढुंगण, जिथे दाब तिथे जेलचे पॅड, नाहीतर गाठ निघते पण हाताची बोटं महिनाभर बधिर. पायांना दाब देणारे पंपाचे मोजे पण लावतात, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून, कारण डोक्याचं ऑपरेशन असल्याने रक्त पातळ करायचं इंजेक्शन लगेच देता येत नाही.

तुम्ही एवढंच विचारा, टेबल किती वजन घेतं आणि तिरकं केल्यावर किती. विचारल्याचा कोणाला राग येत नाही.

वाटसरू_६२

एवढा गुंता असेल तर आधी तीन-चार महिने वजन कमी करा आणि मग मोठ्या शहरात न्या. आमच्या ओळखीत गुडघ्याच्या ऑपरेशनला असंच थांबवलं होतं आणि चांगलं झालं.

मृण्मयी_बेळगाव

वाटसरूकाका, गुडघा थांबतो, डोक्यातली गाठ थांबेलच असं नाही, त्यामुळे तुमचा सल्ला मनापासून असला तरी इथे लागू होईल असं वाटत नाही.

सांगलीकर, माझ्या बहिणीचं सांगते. तिला कुशिंगचा आजार होता, मेंदूच्या तळाशी पिट्युटरी ग्रंथीत वाटाण्याएवढी गाठ, त्यामुळे शरीरात कॉर्टिसोल हे हार्मोन वाढत गेलं आणि दोन वर्षांत ७२ ची १२६ किलो झाली. चेहरा गोल, पोटावर जांभळे चरे, बीपी, शुगर सगळं. आम्ही तिला खाण्यावरून बोलायचो, आजही त्याचं वाईट वाटतं, वजन तिच्या हातातच नव्हतं. तिचं ऑपरेशन नाकातून झालं.

घोरण्यावर तिला आधीच सीपॅपचं, म्हणजे दाबाने हवा देणारं मशीन होतं, रात्री मास्क लावून झोपायची. भूलतज्ज्ञांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, ऑपरेशननंतर हे मशीन लावायचं नाही. नाकातून वर गेल्यामुळे कवटीच्या तळाला भोक पडलेलं असतं, ते नुकतं बुजवलेलं असतं, मशीनची दाबाची हवा तिथून आत मेंदूत शिरू शकते. म्हणजे जिला मशीनची सगळ्यात जास्त गरज तिलाच ते वर्ज्य, शिवाय नाकात पॅक, तोंडाने श्वास. मग त्यांनी ती पूर्ण जागी झाल्यावरच नळी काढली, बसती ठेवली, गुंगीचं काही न देता दोन रात्री आयसीयूत एक सिस्टर फक्त तिच्या श्वासाकडे बघत होती. आमच्या आत्याने घरून मशीन आणून ठेवलं होतं, "रात्री लावू गुपचूप" म्हणत होत्या, नशीब आधी सांगितलेलं होतं.

तुमच्या भावाचं कवटी वरून उघडून आहे, तिथे नियम वेगळा असेल, पण मशीन ऑपरेशननंतर लावायचं का, कधीपासून, हे सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांकडून स्पष्ट विचारून घ्या.

निशिगंध_भूलतज्ज्ञ

मृण्मयी, फार महत्त्वाचं सांगितलंत. वरून उघडलेल्या केसमध्ये सर्जनच्या संमतीने सीपॅप बऱ्याचदा लावता येतं, पण कपाळाच्या हाडातली हवेची पोकळी उघडली गेली असेल तर तिथेही जपावं लागतं.

कुशिंगचं नाव निघालं म्हणून एक सांगावंसं वाटतं. ज्या हार्वी कुशिंग यांच्या नावाने हा आजार ओळखला जातो ते विद्यार्थी असताना त्यांनी ईथर (त्या काळचं भुलेचं औषध) दिलेला एक पेशंट दगावला होता. ते त्यांच्या मनाला इतकं लागलं की १८९४ च्या सुमारास त्यांनी आणि अर्नेस्ट कॉडमन यांनी भुलेखालच्या पेशंटची नाडी आणि श्वास कागदावर सतत नोंदवायला सुरुवात केली. १९०१ मध्ये इटलीहून बीपी मोजायचा पट्टा बघून आले आणि अमेरिकेत ऑपरेशनमध्ये त्याचा आग्रह धरला. आज मी जो चार्ट भरते त्याचं मूळ तिथे आहे, आणि मला ते दर वेळी आठवतं.

धाकटा_सांगलीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. वहिनीला विचारलं. ती म्हणाली घोरणं तर पाच-सहा वर्षं आहे, मध्येच एकदम शांत होतो, मग ती कोपराने ढोसते, की परत धाप लागल्यासारखा श्वास घेतो. दिवसा टीव्हीसमोर बसला की डुलक्या. शर्टाचा गळ्याचा माप मोजला तर ४६ सेंमी.

आणखी एक कळलं आणि रात्रभर मला झोप नाही. जिममधल्या ओळखीच्या माणसाकडून तो दोन महिन्यांपासून आठवड्याला एक वजन कमी करायचं पोटात टोचायचं इंजेक्शन घेतोय, महिन्यापूर्वी डोस वाढवलाय. कुठल्याच डॉक्टरला सांगितलं नाही, ओरडतील म्हणून. गेले काही दिवस मळमळ, आंबट ढेकर, दोनदा उलटी. आम्ही समजत होतो गाठीमुळे.

निशिगंध_भूलतज्ज्ञ

दादा, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. उद्याच फोन करून सर्जनना सांगा, पुढच्या आठवड्याची वाट बघू नका. उलटी इंजेक्शनमुळेही होते आणि डोक्यातला दाब वाढल्यानेही होते, घरी बसून आपण ते ठरवू शकत नाही. डोकेदुखी वाढली, दिसायला अंधुक झालं, गुंगी वाटली तर थेट इमर्जन्सीला न्या.

या इंजेक्शनने पोट रिकामं व्हायला उशीर लागतो. रात्री जेवून आठ-दहा तास उपाशी असलेल्या पेशंटच्याही पोटात अन्न सापडतं आणि भूल देताना ते वर येऊन फुफ्फुसात जाऊ शकतं. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये आठवड्याचं इंजेक्शन ऑपरेशनच्या एक आठवडा आधी थांबवा असं सांगितलं. नंतर २०२४ मध्ये सूचना थोड्या सैल झाल्या, पेशंट बघून ठरवा म्हणून, पण डोस नुकताच वाढवलेला आणि पोटाचा त्रास असलेला पेशंट जास्त जोखमीतच धरलाय. त्यामुळे पुढचा डोस डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नको. ते आदला दिवस फक्त पातळ पदार्थांवर ठेवतील, कदाचित सोनोग्राफीने पोट बघतील. रागावतील ही भीती मनातून काढा. आम्हाला राग येत नाही, न सांगितलेल्या गोष्टीची धास्ती मात्र वाटते.

आता घोरण्याचं. आमच्याकडे आठ प्रश्नांची स्टॉप-बँग नावाची यादी असते, घोरणं, दिवसाची झोप, कोणीतरी बघितलेला श्वास अडकणं, बीपी, बीएमआय ३५ च्या वर, वय ५० च्या वर, गळा ४० सेंमीच्या वर, आणि पुरुष असणं. तुमच्या भावाचं वय सोडून सातही जुळतायत. पाच किंवा जास्त जुळले म्हणजे स्लीप अॅप्नियाची, झोपेत श्वास अडकण्याच्या आजाराची शक्यता दाट. रक्तात बायकार्बोनेट बघायला सांगा, २७ च्या वर असेल तर जागेपणीही कार्बन डायऑक्साइड साठतोय की काय हे तपासावं लागतं. आणि ऑपरेशनला दोन आठवडे असतील तर सीपॅप आजपासून लावायची सवय.

हे सगळं मी एवढं ताणून का सांगतेय, तर ऑपरेशननंतरच्या रात्रीसाठी. मेंदूच्या ऑपरेशननंतर पेशंट सुस्त झाला तर पहिली शंका आत रक्तस्राव झाला का ही असते. कार्बन डायऑक्साइड साठला तरीही पेशंट अगदी तसाच सुस्त होतो. दोघांचा चेहरा एकच दिसतो. म्हणून आम्ही मॉर्फिनसारखी औषधं हात राखून देतो, डोक्याच्या कातडीच्या नसांना बधिर करायचं इंजेक्शन देतो, पॅरासिटामॉलवर भागवतो, स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा असर मशीनने मोजून पूर्ण उतरल्याची खात्री करतो आणि पेशंट बसता, डोळे उघडून सांगितलं ते करतोय हे बघूनच नळी काढतो. त्यात आदल्या रात्री घरच्यांनी "जरा शांत झोप लागू दे" म्हणून झोपेची गोळी दिली तर सगळा हिशोब चुकतो. मी हे डोळ्यांनी बघितलंय, सकाळी पेशंट ओटीच्या दारात आला तेव्हा ऑक्सिजन ८४ होता. आईंना हे नक्की सांगा, कितीही तळमळला तरी गोळी नाही.

धाकटा_सांगलीकर

(१९ दिवसांनी)

ऑपरेशन झालं. थोडक्यात लिहितो, हॉस्पिटलमधूनच.

इंजेक्शनचं सांगितल्यावर भूलतज्ज्ञ सर काही बोलले नाहीत, फक्त फाइलवर लाल पेनाने लिहिलं आणि भावाच्या खांद्यावर हात ठेवला. तारीख १२ दिवस पुढे नेली, शुगरला इन्सुलिन, रात्री सीपॅप. पहिल्या तीन रात्री त्याने मास्क काढून फेकला, चौथ्या रात्री सलग झोपला. बायकार्बोनेट २९ आलं होतं.

विजयदादा, टेबलचं विचारलं. आदल्या संध्याकाळी खरंच त्याला ओटीत नेलं, स्वतः चढला, टेबल दोन्हीकडे तिरकं करून बघितलं, डाव्या कोपराखाली टोचतंय म्हणाला तिथे दुसरा पॅड लावला.

सकाळी सव्वाआठला आत नेलं, तीनला सर्जन बाहेर आले, गाठ पूर्ण निघाली. नळी ओटीतच काढली. आम्हाला आयसीयूत दोन मिनिटं भेटवलं तेव्हा डॉक्टरांनी डावा हात वर कर म्हटल्यावर त्याने केला, आई तिथेच खाली बसली.

रात्री दोनला मॅडम म्हणाल्या होत्या तेच झालं, हाक मारली तरी डोळे नीट उघडेना. सिस्टरनी लगेच डॉक्टरना उठवलं, मनगटातल्या लाइनमधून रक्त घेतलं, कार्बन डायऑक्साइड ५८. तरी सीटीला नेलंच, सीटी स्वच्छ होता. परत आल्यावर सर्जनना फोन करून विचारलं आणि सीपॅप लावलं, पहाटे पाचला स्वतः पाणी मागितलं. रक्तस्राव आणि कार्बन डायऑक्साइड, दोन्हींनी असंच होतं हे आधी माहीत नसतं तर त्या दोन तासांत आमचं काय झालं असतं सांगता येत नाही.

आज चौथा दिवस, वॉर्डमध्ये आहे. मास्क लावून झोपतो, घोरणं बंद झालंय. वहिनीला त्या शांततेची सवय नाही, रात्री तीन-चारदा उठते आणि त्याच्या छातीवर हात ठेवून बघते.